कपाटातले कागद

केवळाबाई लातूरला राहायला आली ती लेकीच्या शिक्षणापायी. हदगावपासून जरा आत तिचं गाव. तनुजा दहावीला शाळेत पहिली आली आणि मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, पोरीला लातूरच्या क्लासला घाला, डॉक्टर होईल. घरात वाद झाला. पोरीच्या जातीवर एवढा पैसा कशाला घालायचा, असं थोरल्या दिरांचं म्हणणं. केवळाबाईचे मालक किशनराव भावांपुढं सहसा तोंड उघडत नसत. त्या दिवशी मात्र बोलले. "माझ्या वाटणीचं घालून राहिलो. तुमचं काय जाऊन राहिलं?"

पोरगी एकटी राहायची नाही, आईनं सोबत जायचं, असं ठरलं आणि मायलेकी लातूरला आल्या. भावांनी तेव्हापासून त्या शब्दावर डोळा ठेवला होता. पोरीचे मार्क जरा घसरले, जरा काही झालं, की "घेऊन या माघारी" म्हणायला घर टपलेलं. केवळाबाईला हे पक्कं ठाऊक होतं. फोनवर ती नेहमी एकच सांगायची, सगळं ठीक हाय.

खोली मिळाली ती क्लासच्या गल्लीत, उमाबाईंच्या घरात. खाली उमाबाई आणि त्यांचे मालक मन्मथप्पा. मधल्या मजल्यावर शिकणाऱ्या मुली आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली, ती केवळाबाईची. मन्मथप्पा पूर्वी डाळ मिलमध्ये मुनीम होते. आता गुडघ्यांनी धरल्यामुळं दारातल्या खुर्चीवर बसून असायचे. घर उमाबाईच चालवायच्या. मुलींची मेसही त्यांचीच होती. कपाळावर विभूतीची बोटं, कमरेला चाव्यांचा जुडगा, बोलणं गोड. पहिल्याच दिवशी त्या शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी घेऊन गच्चीवर आल्या.

"ताई, लातुरात पाणी तेवढं जपून वापरायचं बगा. बाकी कशाला भ्यायचं न्हाई. मी हाय की."

केवळाबाई त्यांना आक्का म्हणू लागली. परक्या गावात हाक मारायला कोणीतरी मिळालं, याचाच तिला आधार वाटला.

अकरावीच्या दिवाळीनंतर तनुजाला ताप आला. दोन दिवस अंगावर काढला आणि तिसऱ्या दिवशी पोरगी उठेना. डॉक्टर म्हणाले डेंग्यू आहे, प्लेटलेट उतरल्यात, भरती करा. भरती करायची तर आधी काउंटरवर पैसे भरायचे. केवळाबाई दवाखान्याच्या पायरीवर फोन हातात घेऊन बसून राहिली. किशनरावांना लावावा तर ते भावांकडं हात पसरणार आणि भाऊ पोरगीच घरी बोलावणार. न लावावा तर करायचं काय? तेवढ्यात उमाबाई रिक्षातून उतरल्या. कुणा मुलीनं त्यांना सांगितलं असावं. त्यांनी कमरेची पिशवी काढली, काउंटरवर पैसे भरले, आणि केवळाबाईच्या पाठीवर हात ठेवला.

"आदी पोरगी. हिशोबाचं मागनं बगू."

तनुजा बरी होईपर्यंत उमाबाई रोज डबा घेऊन येत होत्या. केवळाबाईला त्या दिवसांत ती बाई देवानं धाडल्यासारखी वाटली, आणि पुढं जे काही झालं, त्यानंही ते वाटणं पुरतं पुसलं गेलं नाही. तिच्या मनाची ओढाताण झाली ती त्यामुळंच.

पोरगी घरी आल्यावर उमाबाईंनी केवळाबाईला खाली बोलावलं. समोर कोरा बाँड होता. "इथं सही करा ताई. नुसती रीत म्हणून. शेकडा दहा, महिन्याला. सगळ्या पोरींच्या आयांना हाच भाव हाय, तुमच्याकडनं जास्ती घेते असं न्हाई." केवळाबाईनं सही केली. कानातले झुबेही काढून दिले, कारण आक्कांनी मागितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरासाही संकोच नव्हता.

गावाकडनं येणारा पैसा खोलीभाडं, फी आणि धान्यात जायचा. व्याज कुठून काढणार? दोन महिने तिनं कसंबसं दिलं. तिसऱ्या महिन्यात उमाबाईच म्हणाल्या, "राहू द्या ताई. मेसच्या भाकरी थापाल का? तुमचा हात लई चांगला हाय. व्याजात धरू."

त्या दिवसापासून केवळाबाई पहाटे मेसच्या चुलीपुढं बसू लागली. मुलींच्या भाकरी, मग डबे, मग भांडी, मग दुपारची डाळ निवडणं. आधीच्या स्वैपाकीणबाईला उमाबाईंनी काढून टाकलं. केवळाबाईनं एकदा भीत भीत विचारलं, की आक्का, किती फिटलं? उमाबाई हसल्या. "फिटतंय की. घाई काय हाय? तुमी कुठं जाऊलालाव?"

कागदांचंही असंच झालं. पत्र्यातून पाणी गळायला लागलं तेव्हा तनुजाची फाईल भिजू नये म्हणून उमाबाईंनीच ती खाली नेऊन आपल्या लोखंडी कपाटात ठेवली. दहावीचा मार्कमेमो, डोमिसाईल, जातीचं प्रमाणपत्र, त्याच्या पडताळणीची व्हॅलिडिटी, सगळे ओरिजनल. पुढं बारावीचा मार्कमेमो हातात आला, तेव्हा उमाबाई म्हणाल्या, "आणा, त्यातच लावते." केवळाबाईनं तोही देऊन टाकला. पाय आपोआप खाली गेले आणि हात आपोआप पुढं झाला.

मग नीटचा निकाल लागला. तनुजाला चांगले मार्क पडले. एमबीबीएसला नंबर लागेल असे नव्हते, पण आयुर्वेदाला सरकारी कॉलेज मिळेल असे नक्की होते. मायलेकींनी गच्चीवर एकमेकींना मिठी मारली. खाली जाऊन केवळाबाईनं पेढे दिले आणि म्हणाली, "आक्का, फाईल लागंल आता. कागद तपासायला बोलावतेत."

उमाबाईंनी पेढा तोंडात टाकला. "देते की. हिशोब तेवढा मिटवून जावा."

हिशोब त्यांनी तोंडीच सांगितला. दवाखान्यात भरलेल्या पैशाच्या तिप्पट झाला होता. भाकरींचं कुठं नावही नव्हतं.

"आक्का, मी दीड वरीस भाकरी थापल्या..."

"थापल्या म्हणून तर तुमी खोलीत राहिलाव," उमाबाई शांतपणे म्हणाल्या. "पैसे नसले तर घाई करू नका. पोरीला एक वरीस रिपीट करू द्या, अजून चांगले मार्क पडतील, एमबीबीएसला जाईल. तुमी हावच इथं. न्हाईतर किशनरावांनाच फोन लावते की. त्यांना काय सांगायचं ते मी सांगते."

केवळाबाई जिना चढून वर आली आणि खाली बसली. तनुजानं विचारलं, "दिली का फाईल?" तर म्हणाली, "उद्या देत्यात."

त्याच आठवड्यात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातनं आनंदराज नावाचा माणूस आला. मुलींना खोल्या देणाऱ्या घरांची नोंद चालली होती. प्रत्येक खोलीत जाऊन भाडेकरूंना वेगळं विचारायचं, पावती मिळते का, पाणी येतं का, जिन्याला दिवा आहे का. उमाबाई त्याच्या मागं मागं जिना चढत होत्या. तो गच्चीच्या दारात थांबला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही खाली थांबा. भाडेकरूंशी एकट्यानं बोलायचं, असा वरून हुकूम आहे." उमाबाई उतरल्या, पण हळूहळू.

त्यानं नेहमीचे प्रश्न विचारले. मग म्हणाला, "अनामत म्हणून काही ठेवून घेतलंय का मालकिणीनं? दागिना, कागदपत्रं?"

केवळाबाईच्या आधी तनुजा बोलली. "माझी फाईल."

"गप बस," केवळाबाई म्हणाली.

आनंदराजनं लिहिणं थांबवलं. वयानं पस्तिशीचा असेल, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. "ताई, मी खोल्या मोजणारा माणूस. हे माझ्या हातातलं काम नाही. पण ज्यांच्या हातात आहे त्यांचं ऑफिस मला ठाऊक आहे. सहकार खात्याचं सहायक निबंधक कार्यालय. तिथं मंजुषा मॅडम बसतात. तक्रार करायला पैसे लागत नाहीत, आणि कर्ज घेणाऱ्यावर गुन्हा होत नाही. एवढं लक्षात ठेवा. माझं नाव सांगितलं तरी चालेल."

तो गेल्यावर उमाबाईंनी विचारलं, "एवढा येळ काय बोलत होता?"

"दिव्याचं," केवळाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती आक्कांशी खोटं बोलली, आणि उमाबाईंना ते खोटं वाटलं हे तिला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

जायचं की नाही, यात तिचे चार दिवस गेले. भाकरी थापताना वाटायचं, या बाईनं पोरगी वाचवली आणि आपण हिच्या दारात पोलीस आणायचे? मग तनुजाकडं पाहिलं की वाटायचं, त्याच पोरीचं वर्ष ही बाई दाबून बसलीय. शेवटी कागद तपासायची तारीख मोबाईलवर आली आणि विचार करायला जागा उरली नाही. भाजी आणते म्हणून ती निघाली आणि रिक्षात बसली.

मंजुषा मॅडम टेबलावरच्या फायलींत बुडालेल्या होत्या. त्यांनी खुर्ची दाखवली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "मग सही कशाला केली?" असं विचारलं नाही. केवळाबाईला तोच प्रश्न येणार असं वाटत होतं.

"सावकारीचा परवाना आहे का त्यांच्याकडे?"

"ते मला ठाऊक न्हाई. पर मॅडम, ती वाईट बाई न्हाई. तिनंच पोरीला वाचवलं."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "त्या चांगल्या की वाईट, हे मला लिहायचं नाही. त्यांच्याकडे परवाना आहे की नाही आणि त्यांनी तुमचं काय काय ठेवून घेतलंय, एवढंच मला लिहायचंय. परवाना मी आत्ताच बघते." त्यांनी यादी उघडली. उमाबाईंचं नाव त्यात नव्हतं. "आता सांगा. घरी माहीत आहे?"

केवळाबाईनं नाही म्हणून मान हलवली. "त्यांना सांगू नका मॅडम. लई मोठं होईल."

"मी नाही सांगणार. पण तुम्ही सांगा, आणि आजच सांगा. ती बाई तुम्हाला फोनचीच भीती घालते ना? तुम्हीच आधी सांगितलंत तर तिच्याकडे सांगायला काय राहतं?"

ऑफिसच्या बाहेर लिंबाखाली उभं राहून केवळाबाईनं फोन लावला. किशनराव शेतात असावेत, वारा ऐकू येत होता. तिनं डेंग्यूपासून सुरू केलं. व्याज, भाकरी, झुबे, फाईल, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"ऐकून राहिले ना?"

"हाव."

मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी किशनराव लातूरच्या स्टँडवर उतरले. हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, असे उभ्यानं आलेले. केवळाबाई घ्यायला गेली होती. शिव्या देतील, हात उगारतील, असं काहीतरी मनात धरूनच ती उभी होती. ते आले, पिशवी खाली ठेवली आणि बाकावर बसले.

"पोरगी दवाखान्यात होती," ते म्हणाले, "आन मला ठाऊक न्हाई."

"तुमच्या भावांनी..."

"भावाचं काय घेऊन बसलीस! मला ठाऊक न्हाई म्हणून राहिलो. पैसे न्हाई तर न्हाई, मी येऊन बसलो तर असतो तिच्याजवळ." त्यांचा आवाज फाटला. स्टँडवरची माणसं बघू लागली. किशनरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पैशाचं जाऊ दे. ते मी बघतो. पर तू मला एवढं परकं धरलंस, हे काई बरं न्हाई केलंस."

घरी कळेल म्हणून केवळाबाई दीड वर्ष भ्याली होती, आणि ज्याला भ्याली तो माणूस असा समोर बसून डोळे पुसत होता.

छापा पडला तो सकाळी, मुली क्लासला गेल्यावर. मंजुषा मॅडम, त्यांच्या ऑफिसचे दोघे, पंच म्हणून दुसऱ्या खात्यातले दोन कर्मचारी, आणि एक पोलीसबाई. केवळाबाई तेव्हा चुलीपुढंच बसली होती. तवा उतरवायचंही भान राहिलं नाही.

उमाबाईंनी ओरडा केला नाही. मॅडमनी ओळखपत्र दाखवलं, हुकूम वाचला, चाव्या मागितल्या. उमाबाईंनी जुडगा काढून दिला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या.

"ताई, तुमी?"

तव्यावरची भाकरी जळून धूर निघाला, तसं उमाबाईंनीच वाकून चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

कपाटात केवळाबाईच्या एकटीचं काही नव्हतं. चिंध्यांत बांधलेले दागिने, कोरे बाँड, सह्या केलेले चेक, एटीएम कार्डांची रबर लावलेली गड्डी, आणि पोरींच्या फायली. निलंग्याच्या, देगलूरच्या, परभणीच्या. पंच एकेक वस्तू पाहून लिहून घेत होते. दारातल्या खुर्चीवर मन्मथप्पा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. कुणीतरी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मला काय बी ठाऊक न्हाई साहेब. मला घरात कोण विचारतंय?"

तनुजाची फाईल निघाली. पोरगी जिन्यावर उभी होती, ती धावत आली आणि तिनं कागद चाळले. पुन्हा चाळले.

"आई, व्हॅलिडिटी न्हाई यात."

"नीट बघ."

"न्हाई म्हणते ना! बाकी सगळं हाय."

मॅडमनी उमाबाईंना विचारलं. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, मला ठाऊक नाही. मग म्हणाल्या, पडलं असेल कुठं. पोलीसबाईंनी आवाज चढवला तेव्हा त्या केवळाबाईकडं न बघता बोलल्या. "मुरुडला हाय. भाच्याकडं. बसवराजच्या दुकानात."

"कधी नेलं?"

"तो खोल्या मोजायला आलता, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तोवर केवळाबाईच्या मनात कुठंतरी होतं, की आक्का अखेरीस देतील. व्यवहार कडक आहे, पण पोरीचं वाईट करणार नाहीत. पण फाईलभर कागदांतला नेमका तोच एक, ज्याच्यावाचून राखीव जागा मिळायची नाही, तो वेगळा काढून, गाडीत बसून, मुरुडला नेऊन ठेवलेला. एवढी वाट आक्का कागद हातात धरून गेल्या असतील, तेव्हा त्यांच्या मनात तनुजाचं तोंड आलं नसेल का?

मॅडमनी तिथूनच आपल्या ऑफिसच्या दोघांना मुरुडला पाठवलं. दुकानाला कुलूप होतं. बसवराजला छाप्याचा फोन कुणी केला ते कळलं नाही, पण तो गेला होता. कुलूप काढायला वेगळी परवानगी लागणार होती, आणि तनुजाची तारीख परवावर आली होती.

आणखी एक अडचण होतीच. सापडलेली फाईल जप्तीतच जाणार होती. पुरावा म्हणून सगळं सील करून ऑफिसला न्यायचं, असा नियम. किशनराव हात जोडून उभे राहिले. "मॅडम, तिच्याकडनं सुटलं आन सरकारकडं अडकलं, असं नका करू."

मंजुषा मॅडम गच्चीवर जाऊन आपल्या साहेबांशी फोनवर बोलल्या. खाली आवाज येत नव्हता, नुसत्या येरझारा दिसत होत्या. परत आल्या त्या पंचांना म्हणाल्या, "शैक्षणिक कागद वेगळ्या यादीत लिहा. प्रत्येकाचा फोटो काढा, झेरॉक्स जप्तीला लावा, आणि ओरिजनल सुपूर्दनाम्यावर मुलीची सही घेऊन तिला द्या. दुसऱ्या मुलींचेही तसेच. मी सही करते." मग किशनरावांकडं वळल्या. "व्हॅलिडिटीसाठी पत्र मी आज देते. पंचनाम्याची प्रत जोडून नांदेडला पडताळणी समितीकडं जा. दुसरी प्रत मागा. लवकर देतील असं मी म्हणत नाही, पण देतील."

बापलेक त्याच दुपारी नांदेडला गेले. समितीतल्या लोकांनी पंचनामा वाचला आणि हातचं काम बाजूला ठेवून जुनं रजिस्टर काढलं. तरीही प्रत हातात यायला आठवडा गेला. तोवर कागद तपासायची तारीख टळली आणि पहिल्या फेरीत मिळू शकणारी नांदेडची जागा हातची गेली. नांदेडला मिळालं असतं तर पोरगी घरापासून दोन तासांवर राहिली असती. तनुजा त्या दिवशी जेवली नाही. कुणाला दोष दिला नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. केवळाबाई तिच्या पायाशी बसून होती.

खोली तर सोडावीच लागली होती. शेजारच्या दोन घरांत खोल्या रिकाम्या होत्या. पहिल्या बाईनं भाडंही सांगितलं, मग नाव विचारलं आणि म्हणाली, "तुमीच का त्या केस करणाऱ्या? न्हाई बाई, आमची खोली दिली." दुसरीनं दारच उघडलं नाही. मधल्या मजल्यावरच्या एका मुलीची आई रस्त्यात भेटली. तिचं कार्ड त्या गड्डीत होतं. ती आभार मानेल असं केवळाबाईला वाटलं. तिनं केवळाबाईलाच सुनावलं. "आता पुढल्या महिन्यात मला कोण देणार हाय? तुमचं भागलं, आमची वाट लावली."

केवळाबाईनं हे आनंदराजला सांगितलं. तो म्हणाला, "खरंय त्यांचं. बँकेनं दारात उभं केलं असतं तर कोण गेलं असतं उमाबाईकडं?" त्यानं महापालिकेच्या महिला निवाऱ्यात दोन खाटांची सोय लावून दिली. पुढं त्यानं आणि मंजुषा मॅडमनी मिळून वॉर्ड ऑफिसातच दर आठवड्याला एक टेबल मांडलं. पोरींच्या आयांनी यायचं, बोलायचं, बचत गटातून काय मिळतं ते समजून घ्यायचं. पहिल्या दिवशी कोणीच आलं नाही. दुसऱ्या वेळेला एक आली, ती सुनावणारीच. टेबलापासून लांब उभी राहून तिनं विचारलं, "कार्ड परत मिळायला काय करावं लागतं?"

दुसऱ्या फेरीत तनुजाला धाराशिवला आयुर्वेदाची जागा मिळाली. किशनरावांनी फोन करून भावांना सांगितलं. भावांनी काय म्हटलं ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

सुनावणी पावसाळा संपल्यावर मंजुषा मॅडमच्या साहेबांपुढं लागली. केवळाबाई नवऱ्याबरोबर आली. उमाबाई वकिलाबरोबर आल्या होत्या. वाळल्या होत्या, विभूती मात्र तशीच होती. बसवराज अजून सापडला नव्हता.

साहेबांनी उमाबाईंना बोलायला सांगितलं. वकिलानं शिकवलेलं त्या चार वाक्यं बोलल्या आणि मग थांबून आपलंच बोलल्या. "साहेब, हिची पोरगी मरत होती. हिच्या नवऱ्याला ठाऊक न्हाई, दिराला ठाऊक न्हाई. मी पैसे भरले. विचारा तिला, खोटं हाय का?"

साहेबांनी केवळाबाईकडं पाहिलं.

"खरं हाय," ती म्हणाली. किशनराव दचकले. वकिलानं वही उघडली. "आक्का नसत्या तर काय झालं असतं, ते मला बोलवत न्हाई. दवाखान्यात भरले तेवढे पैसे आमी देणार हाव, त्याला ना न्हाई. पर साहेब, पोरीला वाचवलं म्हणून ती त्यांची झाली का? तिचे कागद त्यांनी नेऊन लपवले. मी दीड वरीस त्यांच्या चुलीपुढं बसले, ते कशात धरलं न्हाई. मी विचारलं की हसायच्या." तिनं उमाबाईंकडं पाहिलं. "मला हे बोलायला बरं वाटून राहिलं न्हाई. पर खरं हाय."

मंजुषा मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. झुबे परत द्यायचा आणि कोरा बाँड रद्द करायचा हुकूम झाला, पण फौजदारीचं कोर्टात चालणार होतं, आणि ते किती चालेल हे कुणीच सांगितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात एकच बाक होता. किशनराव झेरॉक्स काढायला गेले. केवळाबाई बाकाच्या एका टोकाला बसली. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाला उमाबाई येऊन बसल्या, दुसरीकडं बसायला जागाच नव्हती. दोघी समोरच्या गाड्या बघत राहिल्या.

"तनुजा कुठं लागली?" उमाबाईंनी विचारलं.

"धाराशिवला."

"एकटीच राहती?"

"हॉस्टेल हाय."

"जेवणाचं बघा," उमाबाई म्हणाल्या. "लई बारीक हाय ती."

केवळाबाईला आला तो राग की काय ते तिचं तिलाच कळलं नाही. उत्तर द्यावं असं वाटलं आणि देऊही नये असं वाटलं. तेवढ्यात वकिलानं हाक मारली. उमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेल्या. किशनराव कागद घेऊन आले, तेव्हा केवळाबाई तिथंच बसून होती.

"काय म्हणून राहिली होती ती?"

"काही न्हाई," ती म्हणाली. मग लगेच मान हलवून म्हणाली, "न्हाई, सांगते. बसा इथं."